न आलेल्या व्हायरसचं मानपत्र

आजच्या या निरोप समारंभाचे आणि आपल्या शिक्षणसंस्थेचेही अध्यक्ष माननीय इंद्रजीतराव वाघचौरे साहेब, प्रमुख पाहुणे म्हणून गुडघेदुखी विसरून दोन जिने चढून आलेले आपले माजी कार्यालय अधीक्षक आदरणीय बद्रीनाथ सुरडकर सर, व्यासपीठावरील सन्माननीय संचालक मंडळ, अकरा शाळांचे मुख्याध्यापक, समोर बसलेले शिक्षक आणि शिक्षकेतर बंधू-भगिनींनो, आणि पंख्याखालची जागा बरोबर हेरून बसलेल्या आमच्या घरच्या अध्यक्ष अजरा बेगम, सर्वांना माझा नमस्कार आणि सलाम.

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, मानपत्रही मिळालं. सूत्रसंचालक मॅडमनी ते इतक्या गोड आवाजात वाचलं की क्षणभर मलाच वाटलं, हा शेख निजामुद्दीन कोण, याला एकदा भेटलं पाहिजे. १९९४ साली टंकलेखक म्हणून या इमारतीत आलो. जिन्याखालची ती खोली, तिथला पहिला कॉम्प्युटर, त्याच्यावर मखमलीचं कव्हर, आणि बाहेर पाटी: ‘चपला काढून आत यावे’. एकतीस वर्षं झाली. या संस्थेनं मला खूप दिलं. ते मी नाकारणार नाही, आणि आज तर मुळीच नाही.

निवृत्त होणाऱ्यानं ‘अजून माझ्यात पूर्वीचाच उत्साह आहे’ असं म्हणायची रीत आहे. माफ करा, माझ्यात नाही. मी थकलोय. कामानं नाही थकलो, कामाचं काय, ते होत राहतं. आज सकाळी दहा वाजेपर्यंत मला सात जणांनी एकच मेसेज पाठवला. अमुक नावाचा व्हिडिओ उघडला तर दहा सेकंदांत फोन कायमचा बंद पडतो, त्यावर जगात कुठंही उपाय नाही, ताबडतोब सगळ्या ग्रुपवर टाका. ‘सर, हे खरं आहे का?’ असं विचारायची तसदी त्यातल्या तिघांनी घेतली. बाकीच्या चौघांनी मलाच सावध केलं. त्यातले दोघं इथंच बसलेत. घाबरू नका, नावं घेत नाही.

एकतीस वर्षांत मी कशाचं उत्तर सगळ्यात जास्त वेळा दिलं असेल? याचंच. नाही हो, खरं नाही. पूर्वी हे मेलवर यायचं, आता मोबाइलवर येतं, मजकूर तोच. उपाय नाही, वेळ नाही, सगळ्यांना कळवा. लोक म्हणतात माणसं घाबरट असतात म्हणून असल्या अफवा पसरतात. मला तसं वाटत नाही. माणसं मायाळू असतात म्हणून पसरतात. आपलं झालं ते झालं, निदान बहिणीचं, भाच्याचं, शेजाऱ्याचं नुकसान होऊ नये, या मायेनं ते बोट दाबतात. मायेला ‘खोटं’ कसं म्हणणार? मी तरी किती जणांना म्हणणार?

आणि हे मी वरच्या पायरीवर उभा राहून बोलत नाही. या संस्थेत असली सगळ्यात मोठी अफवा मीच पसरवली आहे.

हसू नका. बरं, हसा. पण ऐका.

आधी सुरडकर सरांचे आभार मानतो, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट सांगता येत नाही. नव्या लोकांना सर माहीत नसतील. सरांच्या काळात या कार्यालयात आलेला कागद कधी पडून राहिला नाही. लग्नाची पत्रिका जरी टपालानं आली तरी तिच्यावर आवक नंबर पडायचा आणि समासात शेरा यायचा, ‘उपस्थित राहावे’. मेल सुरू झाले तेव्हा सर म्हणाले, “निजामभाई, त्या डब्यात काय आलं ते मला दिसत नाही. छापून आणत जा.” मग मी मेल छापायचो, सर नंबर टाकायचे, त्याचं परिपत्रक व्हायचं, आणि आपले शिपाई सांडूमामा ते पिशवीत घालून एसटीनं फुलंब्री, करमाड, पार अजिंठ्यापर्यंत पोहोचवायचे. तीन दिवसांत अकरा शाळांकडून अनुपालन अहवाल परत. ‘आदेशाप्रमाणे कार्यवाही केली.’ अशी शिस्त मी दुसरीकडं पाहिली नाही. सर, हे मी मनापासून बोलतोय, टोमणा नाही.

जून २००९. दाखल्यांचा हंगाम. आमचे मेहुणे ओवैस तेव्हा दुबईला होते, एका मोठ्या कंपनीत. त्यांच्याकडून मला इंग्रजीत मेल आला. एक नवा, फार वाईट व्हायरस आला आहे, कुठल्याही अँटिव्हायरसला तो सापडत नाही. तो कॉम्प्युटरच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये चौदा दिवस झोपून राहतो आणि मग सगळं पुसून टाकतो. ओळखायची खूण अशी, की त्या फोल्डरमधली एकेक फाईल उघडून बघा. जिच्यात इंग्रजी वाक्याऐवजी न वाचता येणारी विचित्र अक्षरं दिसतील, तोच व्हायरस. काढून टाका, आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा.

मी आमचं मशीन उघडून बघितलं. आणि खरंच होतं हो! एक फाईल उघडली तर मराठी अक्षरं, पण शब्दाला शब्द लागेना. नुसत्या वेलांट्या, अर्धे क, उलटेपालटे काने.

आता तुमच्यातले जुने लोक गालात हसतायत, त्यांच्या लक्षात आलं. तरुणांसाठी सांगतो. त्या काळी कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं. मराठी अक्षरांचा साचा, म्हणजे फॉन्ट, वेगळा भरावा लागायचा. फॉन्टची फाईल उघडली की नमुन्याचं एक ठरलेलं इंग्रजी वाक्य दिसतं, आणि ते इंग्रजी वाक्य मराठी साच्यातून बघितलं तर असलंच काहीतरी दिसणार. म्हणजे मेलमधली खूण सगळ्या जगात कुठंही पटो न पटो, आपल्या अकरा शाळांत शंभर टक्के पटणार होती. व्हायरस म्हणून जे सापडलं ते आपलं मराठी होतं. पंधरा वर्षं तेच वापरून टायपिंग करणाऱ्या माणसाला हे कळायला नको? नाही कळलं. मेहुणे दुबईला होते ना.

आणि मी नुसता मेल नाही दिला. मी त्याचं मराठी भाषांतर केलं. मला माझ्या मराठीचा फार अभिमान होता. शेख असून काय सुंदर मराठी लिहितात, असं लोक म्हणायचे आणि मला ते आवडायचं. ‘सदर विषाणू सुप्तावस्थेत वास करीत असून’, हे माझं वाक्य. ‘तात्काळ समूळ उच्चाटन करावे’, हेही माझंच. सरांनी वाचलं, म्हणाले, “वा, निजामभाई!” आणि जावक नंबर टाकला. सर, तुमच्याकडं यायच्या आधी कागद माझ्या हातात होता, हे सभागृहानं लक्षात ठेवावं.

सांडूमामा पिशवी घेऊन निघाले. ज्या शाळांत इंटरनेटची तारसुद्धा पोहोचली नव्हती, तिथं इंटरनेटचा व्हायरस एसटीनं पोहोचला, अर्ध्या तिकिटाचीही गरज लागली नाही.

तिसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. पहिला करमाडचा. “सर, लई घोळ झालाय! दाखल्यावर पोराच्या नावाच्या जागी एबीसीडी उमटायलीय. बाहेर पालकांची रांग लागलीय, काय सांगू त्यांना?” मग फुलंब्रीचा, मग आणखी. एका दिवसात दहा शाळांचं मराठी गेलं. आणि सगळे एकच म्हणायले, शेख सर म्हणाले होते तसंच झालं बघा, व्हायरस आलाच!

सीडी घेतली, मोटरसायकल काढली, फुलंब्रीला गेलो. सगळं पुसून नव्यानं भरायच्या तयारीनं गेलो होतो. सुरुवात फॉन्टपासून केली, आणि दोन मिनिटांत सगळं जागेवर आलं. मराठी मराठीसारखं दिसायला लागलं. तेव्हा कळलं. व्हायरस नव्हताच. आम्ही आमच्या हातानं आमचीच अक्षरं काढून टाकली होती, आणि ती काढा असं मी अलंकारिक भाषेत सांगितलं होतं.

त्याच वेळी मुख्याध्यापक नारळ घेऊन आत आले.

मी नारळ घेतला. मित्रांनो, खरं बोलायची वेळ तेव्हा होती, त्या नारळाच्या आधी. नंतर मग प्रत्येक शाळेत एक नारळ, एक टॉवेल-टोपी. करमाडला तर लेझीम पथक उभं करत होते, मी हात जोडून थांबवलं. दोन दिवसांत आणखी नऊ शाळा केल्या. खोटं एकदाच बोलावं लागतं असं नाही, प्रत्येक दारात पुन्हा बोलावं लागतं.

शेवटी अजिंठ्याची शाळा राहिली. तिथून फोनच आला नव्हता. मला वाटलं, सगळंच बंद पडलं असणार. गेलो, तर कार्यालयात शांतता, प्रिंटर चालू, आणि एक बाई मजेत दाखले छापत बसलेल्या. तनुजा सपकाळ, कनिष्ठ लिपिक, वय चोवीस, नोकरीला वर्षही झालं नव्हतं. मी विचारलं, “तुमच्याकडं काही झालं नाही?”

“काय व्हायचंय सर? मी ती फाईल काढलीच नाय. तो आपला फॉन्टच हाय ना. व्हायरस म्हणून त्यालाच काढला तर दाखले कशात छापू?”

“मग अनुपालन अहवाल?”

“तसंच लिहून पाठवलं ना सांडूमामाबरोबर. सर, तुम्हाला मिळालं नाय व्हय?”

मिळालं नव्हतं, कारण ते माझ्याकडं येणारच नव्हतं. ते आवक शाखेत गेलं. तिथं अकरापैकी दहा अहवालांवर ‘कार्यवाही केली’ आणि एकावर ‘सदर फाईल विषाणू नसून मराठी फॉन्ट आहे, सबब काढलेली नाही’. बाईंनी मला पोहे दिले, चहा दिला. मी म्हणालो, “बरोबर केलंत तुम्ही.” एवढं म्हणालो, हे खरं. पण बंद खोलीत म्हणालो.

साहेब, माझ्याकडं चिठ्ठी आली आहे, तिच्यावर ‘वेळ’ असं लिहिलंय. जेवण गार होतंय याची मला कल्पना आहे. पाच मिनिटं द्या, यानंतर मी या माइकवर कधीच येणार नाही.

मुख्य कार्यालयात मग चौकशी बसली. व्हायरस आला कुठून? आणि आपण शिस्तीची माणसं. दहा शाळांनी आदेश पाळला, एकीनं पाळला नाही. म्हणजे? म्हणजे तिथूनच पसरला. जिथं काहीच बिघडलं नाही, तिथूनच बिघाड पसरला, असा निष्कर्ष निघाला आणि एकालाही हसू आलं नाही. त्या बैठकीत मी होतो. तांत्रिक सल्लागार म्हणून होतो. मला विचारलं, “असं होऊ शकतं का?” मी म्हणालो, “शक्यता नाकारता येत नाही.” पुन्हा माझं सुंदर मराठी.

तनुजाताईंना कारणे दाखवा नोटीस गेली. त्यांचा मला फोन आला. आवाज रडका नव्हता, नुसता गोंधळलेला होता. “सर, तुम्ही माझं मशीन बघितलंय ना? तुम्ही फक्त एक ओळ लिहून द्या. बाकी मी बघते.” मी म्हणालो, “देतो. जरा थंड होऊ द्या.”

सोळा वर्षं झाली. अजून थंड होऊ देतोय.

त्यांच्या सेवापुस्तकात शेरा पडला, ‘हलगर्जीपणामुळे संस्थेच्या संगणक यंत्रणेस धोका’. आणि मला त्या पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली शाल मिळाली, पुढच्या जानेवारीत संगणक विभाग स्थापन झाला, आणि मी त्याचा प्रमुख झालो. न आलेल्या व्हायरसनं मला विभागप्रमुख केलं. त्यांच्यानंतर लागलेली दोन माणसं वरिष्ठ लिपिक झाली. त्या अजून जिथं होत्या तिथंच आहेत. दर जूनमध्ये कामासाठी मुख्य कार्यालयात यायच्या, “कसे आहात सर?” विचारायच्या, अजिंठ्याहून सीताफळं आणायच्या हिवाळ्यात. विषय एकदाही काढला नाही. अहो, भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज हे सगळं का काढलं, असं वाटेल. मी काढणार नव्हतो. मी शुक्रिया म्हणून खाली बसणार होतो. सकाळी चहा देताना अजरा एवढंच म्हणाली, “आज बी नै बोले तो कब बोलिंगे?” मी त्यावरही गप्प बसलो. एकतीस वर्षांत एवढी कला तर आलीच आहे. पण आत्ता मानपत्र वाचलं गेलं. त्यात ओळ आली: ‘सन २००९ मध्ये एका शाखेच्या हलगर्जीपणामुळे पसरलेल्या महाभयंकर विषाणूपासून अकराही शाळांना वाचवणारे’. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तनुजाताई उजवीकडं, खिडकीजवळ बसल्यात. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मी इथून बघत होतो. कसल्याशा सवयीनं वाजवल्या, जशा आपण सगळ्याच वाजवतो. मला ते बघवलं नाही.

ताई, उठू नका. तुम्हाला इथं बोलावणार नाही.

अध्यक्ष महोदय, सोमवारी पदोन्नती समितीची बैठक आहे. अजिंठ्याच्या शाळेत वरिष्ठ लिपिकाची जागा आहे. त्या बैठकीची टिपणी गेल्या गुरुवारी माझ्या टेबलावर टाईप झाली. ‘सेवापुस्तकातील प्रतिकूल शेरा विचारात घेता सदर कर्मचाऱ्याचा विचार करता येत नाही’, हे शब्द मी माझ्या बोटांनी टाईप केले, एक चूकही न करता. साहेब, तो शेरा खोटा आहे. व्हायरस नव्हता. परिपत्रकाचा मजकूर माझा होता. अकरा शाळांत एकाच माणसानं डोकं चालवलं आणि आपण त्यालाच शिक्षा केली. हे मी भाषणात बोलतोय म्हणून हवेत जाईल, तर तसं होऊ नये म्हणून लिहूनही आणलंय, सहीनिशी, दोन पानं. हे घ्या. भाषा या वेळी साधी ठेवली आहे.

कुणी म्हणेल, शेख सरांनी धाडस केलं. कृपा करून म्हणू नका. उद्यापासून मी इथं नसणार, माझं कुणी काही वाकडं करू शकत नाही, म्हणून आज तोंड उघडलंय. धाडस त्या चोवीस वर्षांच्या मुलीनं केलं होतं, नोकरी कायम झालेली नसताना. साध्या पेनानं, अर्ध्या कागदावर.

सुरडकर सर, तुम्ही मान खाली घालून बसलात. वर बघा सर. तुमच्यासमोर मी कागद खोटा ठेवला, तुम्ही तो खरा मानलात. त्याची माफी तुमच्याकडंही मागतो.

आता आभार. या संस्थेनं मला पोटाला भाकरी दिली आणि मान दिला, त्याबद्दल अध्यक्षांचा आणि संचालकांचा मी ऋणी आहे. सांडूमामा, तुमच्या पायांना सलाम. ज्यांनी मांडव घातला, ज्यांनी सकाळपासून चुलीपुढं घाम गाळला, त्यांचेही आभार. मानपत्र मी घरी नेणार नाही. ती ओळ काढून नव्यानं छापलं तर आनंदानं नेईन, नाही छापलं तरी तक्रार नाही.

बोलण्यात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला शब्द लागला असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर तेवढ्याची मला माफी द्या. बाकीची माफी या सभागृहानं द्यायची नाही. ती ज्यांच्या हातात आहे त्या ती देतील, किंवा देणार नाहीत, आणि न देण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. जेवणाच्या रांगेत कुणी त्यांना गाठून ‘मग, केलं का माफ सरांना?’ असं विचारू नका. त्यांना निवांत जेवू द्या. त्यांना सव्वापाचची अजिंठ्याची गाडी पकडायची आहे.

नमस्कार. खुदा हाफिज.